एलिया आला, की अजून यायचा आहे? शेवटच्या काळाची भाकिते ख्रिस्ती माणूस कशी वाचतो

ठाण्यात तलावपाळीच्या काठाशी जे जुने कॅथलिक चर्च आहे, ते बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या नावाचे. तिथून टेंभी नाक्याकडे चालत गेले की थोड्याच वेळात 'शाआर हाशामायीम' हे बेने इस्राएल या मराठी यहुदी समाजाचे सिनेगॉग (प्रार्थनास्थळ) लागते. ते १८७९ साली बांधलेले. दोन्ही वास्तू ठाणेकरांच्या रोजच्या वाटेवरच्या आहेत. पण बायबलमधल्या एका भाकिताबद्दल या दोन ठिकाणी विचारले तर दोन वेगळी उत्तरे मिळतील. 'शेवटचा काळ' हा अवघड विषय समजून घ्यायला मला तेच भाकीत सगळ्यात सोयीचे वाटते.

भाकीत मलाखी संदेष्ट्याचे. ख्रिस्ती बायबलात जुना करार त्याच्या पुस्तकाने संपतो आणि त्याच्या शेवटच्या ओळींत देव सांगतो की, परमेश्वराचा तो मोठा आणि भयंकर दिवस येण्याआधी मी एलिया संदेष्ट्याला पाठवीन आणि तो बापांची मने मुलांकडे व मुलांची मने बापांकडे वळवील. एलिया होऊन गेला होता इसवी सनापूर्वी नवव्या शतकात. राजांच्या दुसऱ्या पुस्तकानुसार तो मेला नाही, वावटळीतून स्वर्गात गेला. म्हणजे परत यायला माणूस तयार आहे, फक्त दिवस ठरायचा आहे, असा सरळ अर्थ कोणीही काढेल.

यहुदी परंपरा तसाच काढते. सुंतेच्या वेळी एलियासाठी खुर्ची ठेवतात, वल्हांडणाला, म्हणजे मिसरातल्या गुलामीतून सुटकेच्या सणाला, त्याच्या नावाचा प्याला भरतात. आपल्या कोकणातल्या बेने इस्राएलांचे तर एलियाहू हन्नाबीवर, म्हणजे एलिया संदेष्ट्यावर, विशेष प्रेम. पोहे, ओले खोबरे, साखर, फळे घालून केलेला मलिदा त्याच्याच नावाने होतो. अलिबागजवळच्या खंडाळ्यात खडकावर ज्या खुणा आहेत, त्या त्याच्या रथाच्या, अशी त्यांची श्रद्धा आहे. एलिया अजून यायचा आहे, हे त्यांचे उत्तर.

येशूचे उत्तर वेगळे आहे, आणि सरळही नाही. मत्तयाच्या १७व्या अध्यायात डोंगरावरून उतरताना शिष्य त्याला विचारतात, एलियाने आधी यायला हवे ना? येशू म्हणतो, एलिया येऊन सगळे सुस्थितीत आणील खरा, पण मी सांगतो, एलिया येऊन गेलाही, आणि लोकांनी त्याला ओळखले नाही. तो बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाबद्दल बोलतोय हे शिष्यांच्या लक्षात येते. गंमत म्हणजे योहानाला यरुशलेमच्या याजकांनी 'तू एलिया आहेस का' असे विचारले, तेव्हा तो 'नाही' म्हणाला होता. लूकाच्या पहिल्या अध्यायात देवदूत या दोन्ही गोष्टींचा मेळ घालतो. योहान एलियाच्या आत्म्याने व सामर्थ्याने येईल, असे तो सांगतो. माणूस तोच नव्हे, काम तेच.

एवढ्याशा प्रसंगात बरेच काही आहे. भाकीत पूर्ण झाले, पण ज्या रूपात लोक वाट पाहत होते त्या रूपात नाही. ते पूर्ण होत असताना शास्त्र तोंडपाठ असलेल्यांनाही कळले नाही. आणि 'सगळे सुस्थितीत आणील' हा भाग अजून उरल्यासारखा वाटतो. ख्रिस्ती लोक जुन्या करारातली शेवटच्या काळाची भाकिते वाचतात, तेव्हा हेच तीन धागे पुन्हापुन्हा हाती लागतात.

आधी ते कोणाला सांगितले होते?

आमच्या प्रार्थनासभांत हा प्रश्न सर्वांत कमी विचारला जातो. संदेष्टा म्हटले की कुंडली मांडून पुढचे सांगणारा, अशी आपली नकळत समजूत असते. आमोस, यशया, यिर्मया यांचे मुख्य काम ते नव्हते. देवाशी केलेला करार लोक मोडत होते, गरिबाला चपलेच्या जोडासाठी विकत होते, आणि संदेष्टे त्यांना तोंडावर सांगत होते की याचे परिणाम भोगाल. पुढचे काय ते या संदर्भात येते.

'परमेश्वराचा दिवस' घ्या. हा शब्दप्रयोग आमोसने वापरला इसवी सनापूर्वी आठव्या शतकात. त्याच्या श्रोत्यांना वाटत होते की तो दिवस म्हणजे शत्रूंचा नायनाट आणि आपला जयजयकार. आमोस म्हणाला, त्या दिवसाची आस कशाला धरता? तो अंधार आहे, प्रकाश नव्हे. सिंहाच्या तावडीतून पळालेल्याला अस्वल भेटावे, घरात शिरून भिंतीला हात टेकवावा तर साप चावावा, असा तो दिवस. पुढे इसवी सनापूर्वी ७२२ मध्ये अश्शूर साम्राज्याने इस्राएलची राजधानी शोमरोन घेतली. म्हणजे त्या दिवसाची एक खेप आमोसच्या श्रोत्यांच्या मुलानातवंडांनी पाहिली.

आकाशातल्या चिन्हांचेही असेच. यशयाच्या १३व्या अध्यायात तारे प्रकाश देत नाहीत, सूर्य उगवताच काळवंडतो. वाचणारा लगेच जगाच्या अंतावर जातो. पण अध्यायाच्या पहिल्या ओळीतच लिहिले आहे की हे बाबेलविषयी, म्हणजे बॅबिलोनविषयी, आहे, आणि पुढे मेदी लोकांचे नावही येते. इसवी सनापूर्वी ५३९ मध्ये बाबेल पडले तेव्हा सूर्य जागेवरच होता. साम्राज्य कोसळणे म्हणजे जग कोसळणे, ही त्या काळच्या भविष्यवाणीची बोलण्याची तऱ्हा होती. नंतर येशूने याच ओळी वापरल्या, तेव्हा त्याच्या श्रोत्यांना ही तऱ्हा ओळखीची होती.

योएल सांगतो की सूर्य अंधारमय आणि चंद्र रक्तमय होईल. २०१४ आणि २०१५ मध्ये लागोपाठ चार खग्रास चंद्रग्रहणे वल्हांडण आणि मांडवांचा सण या यहुदी सणांना आली, तेव्हा 'चार रक्तचंद्र' हा मेसेज जगभर फिरला. आता, हे दोन्ही सण चांद्र महिन्याच्या पंधराव्या तिथीला, म्हणजे पौर्णिमेच्या आसपास सुरू होतात, आणि चंद्रग्रहण पौर्णिमेलाच लागते. सहा महिन्यांच्या अंतराने येणारी ग्रहणे सहा महिन्यांच्या अंतरावरच्या सणांना गाठतात, यात नवल काय? शिवाय प्रेषितांच्या कृत्यांच्या दुसऱ्या अध्यायात येशूचा शिष्य पेत्र योएलाचा हाच उतारा चंद्रासकट म्हणतो आणि सांगतो, जे तुम्ही आज पाहताय ते हेच. पेत्राच्या हिशेबाने 'शेवटचे दिवस' पेंटेकॉस्टलाच, म्हणजे शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला त्या दिवशीच, सुरू झाले. म्हणजे आपण दोन हजार वर्षे शेवटच्या दिवसांतच राहतो आहोत. हे एकदा पटले की 'आता शेवटचे दिवस आले बरं का' या वाक्यातली धाकधूक बरीच कमी होते.

एक गोष्ट आणखी. काही भाकिते अटीवर असतात, आणि ती अट बोलून दाखवलेली असतेच असे नाही. योना निनवेत जाऊन सांगतो, चाळीस दिवसांत हे नगर उलथेल. त्यात 'जर' नाही, 'तर' नाही. लोक पश्चात्ताप करतात आणि नगर उलथत नाही. योना रागावतो, कारण भविष्य खोटे पडले. देवाच्या दृष्टीने मात्र ते कामी आले. यिर्मयाच्या १८व्या अध्यायात हा नियमच सांगितला आहे. एखाद्या राष्ट्राच्या नाशाविषयी मी बोललो आणि ते राष्ट्र वळले, तर मीही वळेन. भविष्य म्हणजे दगडावरची रेघ असे समजणाऱ्याने योना पुन्हा वाचावा, छोटेच पुस्तक आहे.

नासरेथात अर्धवट सोडलेले वाक्य

ख्रिस्ती वाचनाचा कणा कुठे असेल तर लूकाच्या चौथ्या अध्यायात. शब्बाथ आहे, येशू आपल्या गावच्या सभास्थानात वाचायला उभा राहतो, त्याच्या हाती यशयाची गुंडाळी देतात. तो जागा शोधतो आणि वाचतो: दीनांना सुवार्ता, बंदिवानांना सुटका, आंधळ्यांना दृष्टी, ठेचलेल्यांना मोकळीक, परमेश्वराच्या प्रसादाचे वर्ष. इथे तो थांबतो. गुंडाळी गुंडाळतो, सेवकाकडे परत देतो, खाली बसतो आणि म्हणतो, हा शास्त्रलेख आज पूर्ण झाला.

आता यशयाचा ६१वा अध्याय उघडा. वाक्य तिथे संपत नाही. प्रसादाच्या वर्षाला जोडूनच पुढे 'आमच्या देवाचा सूड घेण्याचा दिवस' आहे. यशयात दोन्ही एका श्वासात येतात. येशूने पहिल्या अर्ध्याला 'आज' म्हटले आणि दुसरे अर्धे गुंडाळीत ठेवून दिले.

पुढचा सगळा ख्रिस्ती विचार या थांबण्यावर उभा आहे. मशीहाचे, म्हणजे देवाने पाठवायच्या अभिषिक्त राजाचे, येणे एक नाही, दोन आहेत. देवाचे राज्य सुरू झाले आहे, पण पुरते आलेले नाही. जखऱ्याच्या नवव्या अध्यायातही हेच दिसते. नवव्या वचनात राजा गाढवावर बसून नम्रपणे येतो, आणि झावळ्यांच्या रविवारी चर्चमध्ये ते वाचले जाते. दहाव्यात त्याची सत्ता समुद्रापासून समुद्रापर्यंत पोचते आणि युद्धाची धनुष्ये मोडतात. दोन वचनांमध्ये एक ओळही मोकळी नाही, आणि आपण मात्र त्या दोन ओळींच्या मधे जगतो आहोत.

पनवेलच्या बाजूने पाहिले तर प्रबळगड आणि त्यामागचे माथेरान एकमेकांना चिकटल्यासारखे दिसतात, मधली धोदाणीची दरी तिथे गेल्याशिवाय कळत नाही. संदेष्ट्यांना दोन घटना अशा एकात एक दिसल्या, असे बायबल क्लासमध्ये सांगतात. मला ते पटते, एका बाबतीत सोडून. दरी लपली होती म्हणून ती किती रुंद आहे हे आपण शोधून काढायचे, असा हट्ट या चित्रातून धरता येत नाही.

दानीएल

आता खरा अवघड भाग. आधी एक माहिती, जी बहुतेक ख्रिस्ती वाचकांना नसते. इब्री शास्त्रात दानीएल संदेष्ट्यांच्या विभागात नाहीच. तो 'लेख' या तिसऱ्या विभागात आहे, स्तोत्रे आणि एस्तेर यांच्या सोबत. ख्रिस्ती बायबलने त्याला यहेज्केलशेजारी बसवले. ते पुस्तक स्वप्ने, पशू, आकडे आणि देवदूतांनी भरलेले आहे. त्याचा प्रकारच वेगळा आहे, त्यामुळे ते आमोससारखे वाचून चालत नाही.

सुदैवाने दानीएल स्वतःच वाचायला शिकवतो. आठव्या अध्यायात दोन शिंगांचा मेंढा येतो, पश्चिमेकडून एक बकरा धावत येऊन त्याला तुडवतो, बकऱ्याचे मोठे शिंग मोडते आणि त्या जागी चार उगवतात. मग गब्रीएल देवदूत अर्थ सांगतो. मेंढा म्हणजे मेदी व पारस यांचे राजे, बकरा म्हणजे ग्रीसचा राजा. ते मोठे शिंग म्हणजे शिकंदर. तो इसवी सनापूर्वी ३२३ मध्ये मेला आणि राज्य त्याच्या सरदारांत वाटले गेले. त्यांपैकी एका शाखेत अंतियोख चौथा, एपिफनेस, हा राजा झाला. त्याने १६७ मध्ये यरुशलेमच्या मंदिरातला नित्याचा बळी बंद पाडला आणि तिथे झ्यूसच्या नावाने वेदी उभारली. १६४ मध्ये मक्काबी वीरांनी मंदिर पुन्हा शुद्ध केले. त्याची आठवण म्हणजे हनुक्का. योहानाच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात येशू त्या सणाला मंदिरात फिरताना दिसतो.

लक्षात घ्यायचे ते असे की, याच अध्यायात गब्रीएल म्हणतो, हा दृष्टान्त अंतसमयाविषयी आहे. आणि अर्थ सांगतो तो ग्रीसचा! म्हणजे 'अंत' प्रत्येक वेळी जगाचाच असतो असे नाही. एखाद्या छळाचा, एखाद्या युगाचाही असतो. विद्यापीठांतले बहुतेक अभ्यासक तर म्हणतात की हे पुस्तक आजच्या रूपात अंतियोखाच्याच काळात तयार झाले. परंपरेने चालणारे ख्रिस्ती ते इसवी सनापूर्वी सहाव्या शतकातले मानतात. हा वाद नवा नाही. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकात पॉर्फिरी या ख्रिस्ती धर्माच्या टीकाकाराने तो उकरून काढला होता आणि पुढे बायबलचा भाषांतरकार जेरोमने आपल्या भाष्यात त्याला उत्तर दिले होते.

मग अंतियोखाबरोबर विषय संपला का? येशूच्या मते नाही. अंतियोखानंतर दोनशे वर्षांनी तो शिष्यांना सांगतो की, दानीएलाने सांगितलेली ती ओसाडी आणणारी अमंगळ गोष्ट तुम्ही पाहाल, तेव्हा डोंगरात पळून जा. इसवी सन ७० मध्ये रोमी सेनापती तीतसाच्या सैन्याने मंदिर जाळले. घडून गेलेली गोष्ट येशूच्या तोंडी पुन्हा घडणाऱ्याचा नमुना झाली. ७० साली ती संपली, की एकदा अखेरची घडायची आहे, यावर मंडळ्यांत मतभेद आहेत. नमुना पुन्हापुन्हा येतो, असे मला वाटते. पवित्र गोष्ट बळकावून स्वतःला देव म्हणवणारी सत्ता एका शतकापुरती नसते.

नवव्या अध्यायातली सत्तर सप्तके हा तर वादाचा अड्डाच. यिर्मयाने सांगितलेली बंदिवासाची सत्तर वर्षे संपत आली म्हणून दानीएल प्रार्थना करतो, आणि उत्तर मिळते सत्तर वर्षांचे नव्हे, सत्तर सप्तकांचे. बहुतेक जण त्याची ४९० वर्षे धरतात. कोणी ती अंतियोखापाशी संपवतात. त्या वचनांत मारला जाणारा जो अभिषिक्त येतो, तो म्हणजे त्यांच्या मते महायाजक ओनिया. जुन्या मंडळीतले कित्येक ती येशूच्या मरणापर्यंत आणि यरुशलेमच्या नाशापर्यंत नेतात. तिसरा मार्ग १९व्या शतकात जॉन नेल्सन डार्बीने रूढ केला आणि १९०९च्या स्कोफील्ड बायबलने (टिपांसह छापलेल्या बायबलने) घराघरांत पोचवला. ६९ सप्तकांनंतर घड्याळ थांबले, मधे मंडळीचे युग, आणि शेवटचे सप्तक म्हणजे भविष्यातली सात वर्षे, मोठे संकट, ख्रिस्तविरोधी. आपल्याकडच्या पुष्कळ पत्रकांतला तक्ता इथूनच आलेला आहे. छापणाऱ्यांना ते माहीत असतेच असे नाही.

माझा कल दुसऱ्या वाचनाकडे आहे. मधे दोन हजार वर्षांची फट घालायला त्या वचनांत मला जागा दिसत नाही. पण दुसऱ्या वाचनातही मोजायला सुरुवात पारसचा राजा कोरेश याच्या आज्ञेपासून करायची की नंतरचा राजा अर्तहशश्त याच्या, यावर भांडण आहेच, आणि कुठलाही हिशेब कुठेतरी ताणल्याशिवाय बसत नाही. त्यापेक्षा मला दुसरेच खुपते. त्या अध्यायात सप्तकांची वचने चार. त्याआधी सोळा वचनांची पापकबुलीची प्रार्थना आहे, 'आम्ही पाप केले, आम्ही फितूर झालो' अशी. चार वचनांवर ग्रंथांचे ढीग रचले गेले, त्या सोळांवर प्रवचन क्वचित ऐकू येते.

गोग, मागोग आणि व्हॉट्सॲप

यहेज्केल ३८-३९ मध्ये इस्राएलवर चाल करून येणारा गोग म्हणजे रशिया, हे शीतयुद्धाच्या काळात अनेकांनी पक्के करून टाकले. पश्चिम आशियात काही पेटले की ठाण्या-वाशीच्या ग्रुपांवर गोगच्या स्वारीचा नकाशा आजही येतो. थोडे मजकुराकडे पाहू या. गोग ज्या मेशेख आणि तुबालचा अधिपती, ते लोक आजच्या तुर्कस्तानातले. त्याचे सैन्य घोड्यांवर आहे, आणि पडलेल्यांच्या ढाली, धनुष्ये, बाण लोक सात वर्षे सरपण म्हणून जाळतात. हे शब्दशः घ्यायचे तर लाकडी शस्त्रे घ्या. रणगाडे म्हणायचे तर मग शब्दशःचा आग्रह सोडा. आणि बायबलमधले शेवटचे पुस्तक प्रकटीकरण, त्याचा २०वा अध्याय तर गोग आणि मागोग ही नावे पृथ्वीच्या चारही कोपऱ्यांतल्या राष्ट्रांना देतो, तेही ख्रिस्ताच्या हजार वर्षांच्या राज्यानंतर. नव्या कराराच्या लेखकाने ते नाव एका देशाला चिकटवले नाही, तर आपण का चिकटवावे?

त्या हजार वर्षांबद्दल इतकेच सांगतो: कॅथलिक आणि जुन्या प्रोटेस्टंट मंडळ्या जुना धर्मपंडित ऑगस्टीन याच्या वाटेने जाऊन ती आजच्या मंडळीच्या काळाचे चित्र मानतात, ब्रेदरन आणि बहुतेक पेंटेकॉस्टल मंडळ्या ती ख्रिस्ताच्या पुनरागमनानंतरची खरी हजार वर्षे मानतात. ख्रिस्त परत येणार, मेलेले उठणार, न्याय होणार, यावर सगळ्यांचे एकमत आहे. क्रमावर नाही.

तारखा काढणाऱ्यांची यादी मोठी आहे. अमेरिकेत विल्यम मिलरच्या अनुयायांनी दानीएलातल्या २३०० दिवसांवरून २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख धरली. हॅरल्ड कॅम्पिंगने २१ मे २०११ सांगितली. मार्काच्या १३व्या अध्यायात त्या दिवसाविषयी पुत्रालाही ठाऊक नाही असे वाचूनही लोक गणित मांडायला बसतात, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते.

आणखी एक गोष्ट अस्वस्थ करते. या नकाशांत यहुदी माणूस म्हणजे पटावरची सोंगटी असते. त्याने अमुक ठिकाणी मंदिर बांधायचे, मग त्याच्यावर संकट यायचे, मग आपला शेवट गोड. ठाण्यातले अनेक बेने इस्राएल १९४८ नंतर इस्राएलला गेले, काही इथेच राहिले. पिढ्यान्पिढ्या आपल्यासारखेच मराठी बोलणारी ही माणसे. पौल रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या ११व्या अध्यायात परराष्ट्रीय ख्रिस्ती लोकांना बजावतो, तुम्ही रानटी जैतुनाच्या कलम केलेल्या फांद्या आहात, मूळ तुम्हाला उचलून धरते, तुम्ही मुळाला नाही. इब्री शास्त्र ख्रिस्तात पूर्ण होते असे मी मानतो. ते ज्यांनी जपून आपल्या हाती दिले, त्यांच्याशी हिणवून बोलायचा परवाना त्यातून मिळत नाही.

वाचायला सुरुवात करायची असेल तर प्रकटीकरणापासून करू नका. आधी आमोस, मग योना. मग यशया ६१ आणि लूक ४ शेजारी-शेजारी उघडून. नंतर दानीएलाचा आठवा अध्याय, कारण त्याचा अर्थ त्यातच दिलेला आहे. मग सातवा, आणि मार्क १३. दानीएलाच्या नवव्या अध्यायाला हात सगळ्यांत शेवटी घाला, आणि घातलात तर वाचन चौथ्या वचनापासून सुरू करा, चोविसाव्यापासून नको.